दोन बोटं उरलेली उदबत्ती

काका, पडदा या खेपेला अडकला नाय. पहिलं तेच सांगते, कारन तुमी पहिलं तेच विचारलं असतं. तिसरी घंटा झाली आन सर्रकन बाजूला गेला, आन समोर एवढी मानसं बसलेली की भुई दिसेना. मागच्या खेपेला घाबरले की मी विंगेत बघायची, तवा तुमी स्टुलावर बसलेले दिसायचे. काल स्टूल व्हतं, तुमी नव्हते. आन आपली पार्टी स्पर्धेत दुसरी आली, काका. पन ते मागनं सांगते, आता सांगत बसले तर बाकीचं राहून जाईल.

मना लिहायला नीट येत नाय हे तुमाला ठाऊक हाय. चौथी झाली आन आयेच्या मागनं मिठागरावर गेले. ही आपली नाटकाचीच वही हाय, मागची पानं कोरी व्हती, त्याच्यावर लिहिते. आपलं नाटक बसवनारे गुरुजी बोलले, वहिनी, जे मनात आहे ते लिहून काढा, कोणाला दाखवायचं ते नंतर बघू. पोरगी पाळन्यात हाय, ती उठायच्या आत लिहायचं. उद्या तुमचा दहावा. उद्या खाडीवर सगळी भावकी जमेल, तवा मना सगळ्यांच्या समोर एक गोष्ट बोलायची हाय. ती बोलायच्या आधी तुमाला सांगायची हाय, म्हनून ही घाई.

तो वखारीतला पहिला दिवस आठवतो? मना तर काल झाल्यासारखा आठवतो. पावसात मिठागर बंद, मिठाची वखार रिकामी, म्हनून तुमची तालीम तिकडे दुपारची चालायची. मी आमच्या ह्यांची भाकरी घेऊन यायची आन दारात उभी राहायची, पोरगी कडेवर. भुईवर मीठ सांडलेलं, पायाला चरचरायचं, तरी हलायची नाय. तुमी लुगडं नेसून आये झालेले असायचे. वीस वर्षं जत्रेतल्या नाटकात बाई म्हनजे हिराजी, असं गाव बोलायचं. मी तुमचं सगळं बघायची, आन मंग विहिरीवर बायकांना तुमची नक्कल करून दाखवायची. तुमाला कळलंय हे मना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी गुरुजी पनवेलवरनं सायकलवर आले आन स्पर्धेचा कागद वाचला. पाऊन तासाचं नाटक, तिसऱ्या घंटेपास्नं वेळ मोजनार, वेळ ओलांडली तर बाद. आन खाली लिहिलेलं, की बाईचं काम बाईनेच केलेलं बरं. तुमी खांद्यावरचं लुगडं काढलं, घडी घातली, आन बोलले, "ती बारकी बघा. ती रोज विहिरीवर माझी नक्कल करते. लोक पोट धरून हसतात."

मी मेलेच. तुमी माझे चुलत सासरे. तुमच्या समोर मी डोक्यावरचा पदर कदी ढळू दिला नाय, तुमच्याशी कदी शब्द बोलले नाय, आन आता सगळे माझ्याकडे बघतायत. गुरुजी बोलले, "वहिनी, दोन वाक्यं म्हणून दाखवा." माझ्या तोंडातनं वारा पन येईना.

तवा तुमी काय केलं, तर वळले. माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आन बोलले, "मी पाठ केली. पाठीला कसली लाज? बोल आता."

आन मी बोलले, काका. तुमच्या पाठीला बोलले. वखारीत आवाज असा घुमला की कडेवरची पोरगी दचकली. तुमी भिंतीकडे बघूनच बोलले, "शेवटच्या पोत्यापर्यंत गेला नाय. परत." तिकडे एक फाटकं पोतं पडलेलं, टोकाला. पंधरा दिवस तुमी मना त्या पोत्याशी बोलायला लावलं. ओरडायचं नाय, पन पोत्याला ऐकू गेलं पायजे.

घरी सासूने भांडी आपटली. बोलली, "नवऱ्याला चारचौघांत पोरगा बोलनार? आन घरी आल्यावर काय बोलनार मंग?" कारन नाटकात माझा पोरगा म्हनजे आमचे हेच. हे जेवत व्हते, मान वर न करता बोलले, "आये, तुला काय, एका घरात दोन आया झाल्या. माझा तर फायदाच हाय." सासूने कालवन वाढलं नाय त्यांना त्या दिवशी.

गोष्ट तर साधीच. नाव 'खांड'. भरतीला मिठागराचा बांध फुटतो, खांड पडते, पोरगा आयेशी भांडून ती बुजवायला जातो, आये दारात वाट बघते, आन शेवटी तो चिखलाने भरलेला येतो तवा ती एवढंच बोलते, "पाय धू, मंग आत ये." बाकी सगळं गुरुजींनी लिहिलेलं. पन मधलं भाषन, आये खाडीशी बोलते ते, ते तुमचं. ते वहीत पन नव्हतं. तुमी बोलायचे आन गुरुजी ऐकायचे.

मी एकदा विचारलं, काका, हे कुठनं आनलं. तुमी बोलले, "मी सहा वर्षांचा व्हतो. बाबा खांड बुजवायला गेलेला, आये बांधावर उभी. ती खाडीशी भांडत व्हती, शेजारनीशी भांडतात तशी. मी तिचं लुगडं धरून ऐकलं. तेवढंच पाठ हाय मना, बाकी आयेचं तोंड पन आठवत नाय." मी विचारलं, मंग बाबा आला का? तुमी बोलले, "आला की. नुसता चिखल. आये बोलली, पाय धू."

तुमी मना बाई व्हायला शिकवलं, हे मी कुनाला सांगितलं तर हसतील. गुडघ्यावर हात ठेवून कसं उठायचं ते तुमी दहा वेळा दाखवलं. मी बोलले, काका, मी रोज उठते. तुमी बोलले, "रोज उठतेस तवा कोन बघत नाय. बाई असनं निराळं आन बाई दिसनं निराळं. मी कदी असलो नाय, म्हनून मना दिसनं ठाऊक." मना तवा राग आला. आता सासू चुलीपास्नं उठते तवा मी बघते, ती तुमच्यासारखीच उठते.

आन त्या आपल्या खुना. तुमाला वाचता येत नव्हतं, सगळं नाटक तुमच्या डोक्यात. जत्रेत तर तुमी विंगेतनं मोठ्याने बोलायचे, लोकांना पन ऐकू जायचं, कुनाला काय नाय. पन गुरुजी बोलले, तिकडे आतनं आवाज आला की मार्क कापतात. म्हनून तुमी खुना केल्या. कपाळाला हात लावला की बांध फुटल्याची बातमी. नाकाला हात, म्हनजे पोराशी भांडन. छातीवर हात, म्हनजे आयेचं भाषन. कानाला हात, म्हनजे शेवट, पाय धू. मी विसरले की विंगेत बघायचं, तुमचा हात बघायचा. झालं.

मंग पहिली फेरी, दिवाळीच्या आधी, पनवेलच्या शाळेत. मी आयुष्यात एवढं कदी बघितलं नव्हतं. करंजाची पार्टी खरं जाळं घेऊन आलेली, सगळ्या वर्गात सुक्या बोंबलाचा वास, त्यांच्या बायका ऐटीत बसलेल्या. नेऱ्याच्या पार्टीने खरी कोंबडी आनलेली, ती पेटीच्या मागे जाऊन बसली ती येईचना. चिरनेरवाल्यांनी बंदुकीच्या आवाजाला फटाका लावला, समोरची पोरं रडायला लागली. पनवेल शहरातली पार्टी, त्यांची बाई खुर्चीवर बसून ओठ रंगवत व्हती, ती माझ्याकडे बघून बोलली, "तुमचं बाळ पण आहे का नाटकात?" मी बोलले, नाय, ती बघायला आलीय. आन काका, एवढं सगळं बघून पन मना पळून जावंसं वाटत नव्हतं. जत्रेतला पाळना वर जातो तवा जसं व्हतं ना, तसं झालेलं.

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढलं आन तुमच्या हातात दिलं. "हिराजीराव, वेळ तुमच्या ताब्यात." तुमी ते रुमालात बांधलं आन खिशात घातलं. मना वाटलं, हे कसलं वेळ बघनं. पन मी काय बोलले नाय. तुमी विंगेत खाडीच्या गाळाचा गोळा ठेवला, त्याच्यात उदबत्ती खोचली, पेटवली. आमी सगळे पाया पडलो. आमाला वाटलं देवाची.

तिसरी घंटा झाली आन पडदा अडकला. अर्धा उघडला आन दोरी चाकात गुंतली. आमी स्टेजवर बसलेले, लोकांना माझे नुसते पाय दिसतायत. हे हळूच बोलले, "हलू नको." मी कुठे हलत व्हते. केवढा वेळ गेला, शिडी आनली, वर मानूस चढला, तवा कुठे उघडला.

मंग नाटक लागलं. बांध फुटला, भांडन झालं, हे रागाने बाहेर गेले. आन माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखं. मी विंगेत बघितलं. आन तुमी फाटकन कानावर हात मारला.

कान म्हनजे शेवट. मी विचार केला नाय, मी उठले, दारात गेले, हाक मारली, "आलास रे?" आता हे तर शाळेच्या मागे बादलीपाशी, पायाला चिखल लावत बसलेले, त्यांना वाटलं अजून भाषन व्हायचंय. हाक ऐकली तसे धावत आले. एका पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, दुसरा पाय कोरडा ठनठनीत. आन मी बोलले, "पाय धू, मंग आत ये." मागच्या बाकावरनं कोन बोललं, "कुठला गो?"

ते हसनं अजून माझ्या कानात हाय. पडदा पडला. गुरुजी डोकं धरून भिंतीला टेकले. आयेचं भाषन राहिलं, सगळं नाटकच त्याच्यासाठी, आन तेच राहिलं. मी रडायला लागले. आन मंग संध्याकाळी निकाल, चार पार्ट्या वेळ ओलांडून बाद, आन आपली जेमतेम वेळेत बसली. आपन शेवटच्या फेरीत. कोंबडीवाले बाद, फटाकावाले बाद, आन आमी एका पायाचे आत.

परत येताना बैलगाडीत काय दंगा. तवा तुमी बोलले, अगदी सहज, "वेळ संपत आलेली. मी मुद्दाम कानाला हात लावला."

काका, तवा मी गप्प बसायला पायजे व्हतं. पन मना एवढा आनंद झालेला, एवढी भीती उतरलेली, मना तोंड फुटलेलं, आन मी तुमालाच धरलं. बोलले, काका, खोटं. तुमी मच्छर मारलात. मना तुमच्या तळव्यावर रक्त दिसलं. सगळी गाडी हसली. मी बोलले, आयेचं भाषन कोनी हळू बोललं तरी तुमी त्या दिवशी जेवत नाय, आन तुमी स्वतः ते कापनार व्हय?

तुमी बोलले, "बारके, तू बघितलंस ते बरोबर. मी केलं ते पन बरोबर."

आन मी, मी विचारलं, मंग सांगा, घड्याळात तवा किती झालेले?

तुमी बैलांकडे बघायला लागले. आमचे हे बोलले, काका सापडले. सगळे परत हसले. तुमी पन हसले, खाली बघून. त्या दिवसापास्नं पोरं तुमाला मच्छरमास्तर बोलायला लागली, आन दिवाळीभर तेच चाललेलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तालीम संपली तवा मी पन बोलले, काका, या खेपेला विंगेत मच्छरदानी लावून बसा. तुमी हात हलवला आन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी हंगामासाठी बांध बघायला गेले, बांधावर बसले, आन उठले नाय. हे धावत गेले. मी पोरगीला घेऊन अंगनात उभी. मना एवढंच आठवत व्हतं, की माझं तुमच्याशी शेवटचं बोलनं मच्छरदानी.

चौथ्या दिवशी गुरुजी आले, तुमच्या दारात उभे राहिले, चप्पल पन काढेनात. बोलले, "आठव्या दिवशी अंतिम फेरी आहे. तुम्हा सगळ्यांना सुतक. मी कळवून टाकतो, आपण येत नाही." पार्टीत गुरुजी सोडले तर सगळे भावकीतलेच. सासू बोलली, "बरोबर हाय. सुतकात तोंडाला रंग लावनार काय? लोक शेन घालतील तोंडात."

मना बरं वाटलं, काका, खोटं कशाला बोलू. मना वाटलं सुटले. तुमी नाय, खुना नाय, मी कुठे बघनार. आन त्याच्या मागोमाग असं वाटलं की आयेचं भाषन आता कोनच बोलनार नाय, कदीच. गुरुजींनी ते लिहून घेतलेलं नाय. माझ्याकडेच हाय ते. आन मी घाबरून बसलेय.

काकी कोपऱ्यात बसलेली, तोंडावर पदर. चार दिवस ती कुनाशी बोलली नव्हती. ती तिथनंच बोलली, "मंग रंग लावू नका."

सगळे तिकडे बघायला लागले.

"रंग लावू नका. तशाच तोंडाने जा. वीस वर्षं मी त्यांच्या तोंडाला रंग लावलाय, मना ठाऊक हाय त्याच्याने काय व्हतं आन काय नाय. सुतक माझं जास्त हाय का तुमचं? मी सांगते, जा."

सासू काय बोलायला गेली, पन काकीने ऐकलं नाय. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आन फडताळातनं एक डबा काढला. मना बोलली, "बारके, इकडे ये."

डब्यात एकच उदबत्ती व्हती. तिला मधे लाल दोरा बांधलेला, बारीकसा, गाठ मारून. काकी बोलली, "ही त्यांनी शेवटच्या फेरीसाठी बांधून ठेवलेली. ने."

मी विचारलं, काकी, देवाच्या उदबत्तीला दोरा कशाला?

काकी बोलली, "देवाची कुठली गो. वेळेची. त्यांना घड्याळ बघायला येत नव्हतं. तालमीला गुरुजी घड्याळ बघून बोलायचे, झाला पाऊन तास, तवा हे काडी बघून ठेवायचे, किती जळली. लाल दोरा म्हनजे आयेचं भाषन. आग दोऱ्याच्या वर असली तर भाषन बोलायला वेळ हाय. दोरा जळला तर वेळ नाय, कानाला हात. काडी गाळाला टेकली की सगळाच वेळ संपला. गुरुजींनी घड्याळ दिलं, तर चारचौघांत कसं बोलायचं, की मना येत नाय."

माझ्या हातात ती काडी. मी विचारलं, मंग त्या दिवशी?

"त्या दिवशी गाडीतनं उतरले, जेवले नाय. बोलले, आज आयेचं भाषन मीच गिळलं. पडद्याने खाल्ला वेळ. दोरा जळला तवा बारकीने बघितलं, मी काय करू." काकीने डब्याचं झाकन लावलं. "मी बोलले, पोरीला सांगा मंग. तर बोलले, सांगितलं, ती हसली. हसू दे, हसली तर भीती जाईल तिची."

मी बोलले, काकी, पन मच्छर?

काकी बोलली, "मच्छर पन असेल की. खाडीच्या मानसाला एका हाताने एकच काम करून चालतं काय?" आन ती हसली, काका. चार दिवसांनी. आन मंग पदर तोंडावर घेतला.

मी घरी आले आन ती काडी तांदळाच्या डब्यात ठेवली, मोडू नये म्हनून. आन चार दिवस पाळना हलवता हलवता भाषन बोलले. पोरगी झोपायची नाय, बघत बसायची.

काल गेलो. सकाळी दहाला गाडी जोडली. ह्यांनी घरनंच दोन्ही पाय चिखलाने भरून घेतलेले, बोलले, आता कोन विचारतो कुठला ते बघतो. गुरुजी बोलले, चिखल वाळला की गळेल. हे बोलले, बादली पन घेतलीय. शाळेत सगळे तोंड रंगवत बसलेले आन आमी कोपऱ्यात तशीच तोंडं घेऊन. त्या खुर्चीवरच्या बाईने मना पावडरचा डबा दिला, "घ्या ना." मी सांगितलं, आमचा मानूस गेलाय. तिने डबा बंद केला, आन माझ्या पोरीला मांडीवर घेतलं, आमचं नाटक संपेपर्यंत सांभाळायला. मागच्या खेपेला मी तिला शिष्ट समजत व्हते.

विंगेत मी स्टूल ठेवलं. गुरुजी बोलले, "मी बसतो, मी खुणा करतो." मी बोलले, गुरुजी, तुमी मागे बसा, ते राहू द्या. गाळाचा गोळा ठेवला, काडी खोचली, तिसऱ्या घंटेच्या तोंडावर पेटवली. माचिसच्या दोन काड्या विझल्या, तिसरीने पेटली.

आन पडदा उघडला, ते सांगितलं.

पहिल्या रांगेत सासू बसलेली, काका. पोरगीला त्या बाईकडनं घेऊन. घरनं निघताना बोलली व्हती, मी येनार नाय, आन दुसऱ्या गाडीतनं आली. तिला बघितलं तसा माझा आवाज मोठा झाला, रागाने की कशाने ठाऊक नाय. बांध फुटला, भांडन झालं. मी ह्यांना अशी बोलले की ते खरंच रागावले, दार आपटून गेले. दार आपलं पुठ्ठ्याचं, ते पडता पडता राहिलं.

मी विसरले नव्हते. पन सवयीने विंगेत बघितलं. स्टूल. काडी. आन आग दोऱ्याच्या वर व्हती, भाताच्या दोन दान्यांएवढी वर. वेळ व्हता. पन छातीवर हात ठेवायला कोन नाय. तवा मीच ठेवला. माझा हात माझ्या छातीवर. आन बोलले.

"ये बाय, ये की. दारात आलीस तर आत ये. बघ माझ्या घरात काय हाय. चूल हाय, विझव. चटई हाय, भिजव. तुला आमी अंगन दिलं, तू आमाला मीठ दिलंस, आपलं कदी वाकडं नव्हतं..."

आन तिकडे पोरगी रडायला लागली. माझा आवाज ऐकून. सासू तिला थोपटतेय, ती थांबेना, आन मना पान्हा आला, काका, स्टेजवर, चोळी भिजली, मी पदर पुढे ओढला आन थांबले नाय. मना कळेना मी खाडीशी बोलतेय की कुनाशी. मागच्या भिंतीला एक फाटकं पोतं हाय असं धरलं आन त्याला बोलले.

"तो बांधावर उभा हाय. गुडघ्यापर्यंत ये. गुडघ्यापर्यंत तुझा. वरचा माझा."

पोरगी रडायची थांबली. मागनं एक म्हातारी बोलली, हळूच, पन सगळ्यांना ऐकू गेलं, "येऊ दे गो त्याला." मंग हे आले. दोन्ही पायांना चिखल, ओला. मी बघितलं आन मना खरंच वाटलं हे आता आले, खाडीतनं आले. मी बोलले, पाय धू, मंग आत ये. कोन हसलं नाय.

पडदा पडल्यावर मी पहिली विंगेत धावले. काडी अजून जळत व्हती, गाळाच्या वर दोन बोटं. दोन बोटं वेळ उरला, काका. मी फुंकर घातली नाय, तोंडाची फुंकर घालू नये म्हनतात, चिमटीने विझवली. बोट भाजलं.

पहिली करंजाची पार्टी आली. येऊ दे, त्यांचं चांगलंच झालं, त्यांनी जाळं वर ओढलं तवा मी पन रडले. परीक्षकांनी गुरुजींना विचारलं, ते मधलं भाषण कोणाचं, ते तुमच्या लिखाणासारखं वाटत नाही. गुरुजी बोलले, "हिराजीरावांच्या आईचं." परीक्षक बोलले, त्यांचं नाव काय. आन कुनालाच ठाऊक नाय. तुमाला विचारायला पायजे व्हतं. एवढे दिवस वखारीत बसलो, मच्छराचं बोललो, आन आयेचं नाव विचारलं नाय.

आता पोरगी चुळबुळ करतेय, लवकर लिहिते.

उद्या पुरुष खाडीवर जातील, पान वाढतील, कावळ्याची वाट बघतील. सासू बोलली, बायका पान्याजवळ जात नाय. मी जानार नाय. मी बांधावर उभी राहीन, जिकडे तुमी बसलेले तिकडेच. तिथनं ऐकू जातं. शेवटच्या पोत्यापर्यंत आवाज कसा न्यायचा ते तुमीच शिकवलंय. बाकीचे चुलत सासरे, दीर, सगळे असतील, आन कोन माझ्याकडे पाठ करून उभा राहनार नाय. तरी बोलेन. घड्याळाचं बोलनार नाय, ते तुमचं आन काकीचं आन आता माझं. एवढंच बोलेन, की काकांनी त्या दिवशी मुद्दाम केलं, त्यांच्या आयेचं भाषन त्यांनी आपल्या पार्टीसाठी सोडलं, आन मी त्यांना खोटं पाडलं, आन खोटी मी व्हते.

कावळा लांब बसून राहिला, तर सगळ्यांना वाटेल तो शिवावा म्हनून बोलतेय. पन काका, तो पान ठेवल्या ठेवल्या आला, तरी बोलेन.